भरती, नमाज आणि हजेरीपट

फज्रची नमाज आटोपून मालवणच्या दांडी किनाऱ्यावर थोडे चालत गेले की एक गोष्ट लक्षात येते. तिथे कुणी कुणाला "किती वाजले?" असे विचारत नाही. "सुकती लागली काय?" असे विचारतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, पण होडी कधी ढकलायची ते पाणी ठरवते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. आज पहाटे पाचला आली तर उद्या सहाच्या आसपास, आणि आठवड्याभरात मच्छीमाराच्या कामाचा दिवस पार उलटून जातो. तरीही तो उशिरा पोहोचला असे क्वचितच घडते. उशीर झाला तर होडी वाळूवर अडकते आणि त्या दिवसाची कमाई जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आम्ही पेशाने शिक्षक. "वेळच मिळत नाही" हे वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा हिशेब नाही. दुकानदार, नोकरदार, रिक्षावाले, घर सांभाळणाऱ्या भगिनी, सगळ्यांच्या तोंडी तेच वाक्य आहे. ते खरे आहे का, हा प्रश्न आम्हाला एका विद्यार्थ्यामुळे पडला. त्याची हकिगत पुढे येईलच.

तीन घड्याळे

किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरात तीन घड्याळे एकदम चालतात. पहिले चंद्राचे. भरती-सुकती त्यावर चालते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी. आपला रमजान आणि दोन्ही ईदही चंद्रावरच ठरतात. दुसरे सूर्याचे. पाच नमाजा त्यावर बांधल्या आहेत. मालवणात डिसेंबरच्या सुरुवातीला मगरिब संध्याकाळी सहाच्या सुमारास होते, तर जुलैत सात वाजून गेल्यावर. तिसरे घड्याळ भिंतीवरचे. शाळा, कचेरी, बँक, एसटी हे सगळे त्याच्यावर चालते.

भिंतीवरचे घड्याळ माणसांनी ठरवून घेतलेले आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, आणि मालवण त्याच्या पश्चिमेला सुमारे नऊ अंश. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजल्यानंतर साधारण छत्तीस मिनिटांनी. ऋतूनुसार त्यात थोडा फरक पडतो. म्हणून जुहरची वेळ बाराच्या ठोक्याला लागत नाही.

पहिल्या दोन घड्याळांशी घासाघीस चालत नाही. तिसऱ्याशी चालते. शाळेची वेळ बदलता येते, बैठक पुढे ढकलता येते, अहवालाला दोन दिवसांची मुदत मागता येते. असे असूनही आपण सर्वांत जास्त घाबरतो ते या तिसऱ्यालाच. नमाज कजा झाली तरी चालते, पण साहेबांचा फोन उचलायचा राहिला तर जीव खालीवर होतो.

हजेरीपटातला मुलगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, अक्षर वाईट, बोलणे कमी. समुद्रातली मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते. त्या काळात तो रोज शाळेत यायचा. ऑगस्ट उजाडला, होड्या पाण्यात गेल्या, आणि तो पहिल्या तासाला पेंगू लागला. आमच्या ते लक्षात आले. विचारायचे ठरवले, पण त्याच दिवसांत कचेरीतून एकामागून एक माहिती मागवली जात होती. विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद, पोषण आहाराचा तक्ता, कुठले तरी सर्वेक्षण. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच शब्द: तातडीने.

आम्ही रोज हजेरी घेत होतो. त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत होतो आणि पुढच्या नावाकडे जात होतो. अशा अकरा खुणा झाल्या. बाराव्या दिवशी महिनाअखेरची सरासरी काढताना त्या खुणा एका ओळीत दिसल्या, तेव्हा धस्स झाले.

त्या संध्याकाळी असरनंतर त्याच्या घरी गेलो. वडिलांच्या कमरेला दुखापत झाली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. मुलगा एका नौकेवर खलाशी म्हणून जाऊ लागला होता. त्याच्या आईने आम्हाला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि अगदी शांतपणे सांगितले, "सर, पहिल्या आठवड्यात आला असतात तर याच्या अब्बांनी ऐकले असते. आता उचल घेऊन झाली."

उचल म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम. ती दवाखान्यात खर्च झाली होती. फेडून होईपर्यंत मुलगा नौकेवर बांधलेला. पहिल्या आठवड्यात मशिदीतल्या चार माणसांशी बोलून, जकातीच्या किंवा बिनव्याजी मदतीच्या रूपाने ती रक्कम उभी करता आली असती. बाराव्या दिवशी तो दरवाजा बंद झाला होता. त्या अकरा दिवसांत आम्ही भरलेली सगळी माहिती वेळेवर पोहोचली होती. ती कशाबद्दल होती, हे आज आठवतही नाही.

दोष कचेरीवर टाकणे सोपे आहे. पण त्या अकरा दिवसांत असर ते मगरिब हा वेळ रोज आमच्याकडे होता. त्यातला एक तास त्या घरासाठी काढायला कुणी मनाई केली नव्हती.

तातडीचे आणि महत्त्वाचे

दांडीवरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत, १६६७ मध्ये, तो उभा राहिला. ही तीन वर्षे कशी होती? जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह होऊन शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६६६ मध्ये ते आग्र्याला कैदेत होते. त्या वेळी तातडीची संकटे सगळी जमिनीवर होती. "आधी हे निस्तरू, समुद्राचे नंतर बघू" असे म्हणायला याहून मोठे कारण कोणते हवे होते? पण बेटावरचे काम पूर्ण झाले. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांना तोंड द्यायचे तर सागरी ठाणे हवेच, हा निर्णय संकटांमुळे मागे पडला नाही. त्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान यांच्यासारखे मुस्लिम सरदार होते, हेही आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

तातडीचे काम दार ठोठावते. महत्त्वाचे काम गप्प उभे असते. त्याच्याकडे आपणहून जावे लागते, नाही तर तेच आपल्याला सोडून निघून जाते.

आपल्या दीनने हा क्रम फार पूर्वी शिकवला आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी अखेरच्या आजारात हजरत उमर (रजि.) यांना जी वसीयत केली, तिचा आशय असा की, अल्लाहचे काही हक्क दिवसाचे असतात, ते रात्री स्वीकारले जात नाहीत. काही रात्रीचे असतात, ते दिवसा स्वीकारले जात नाहीत. आणि फर्ज अदा केल्याशिवाय नफ्ल कबूल होत नाही. खिलाफतीचा भार सोपवताना दिलेली ही शिकवण कामाच्या नियोजनालाही पुरेपूर लागू पडते. प्रत्येक कामाला त्याची वेळ असते, आणि आधी फर्ज.

सूरह जुमुआमध्येही समतोल असाच आहे. अजान झाली की व्यापार सोडायचा, आणि नमाज संपली की पुन्हा रोजीच्या शोधात निघायचे. दिवसभर मशिदीत बसून राहण्याचा हुकूम नाही. काम आहेच, पण त्याला हद्द आहे.

बंदीचे दिवस वाया जात नाहीत

जून-जुलैत बाहेरच्या माणसाला वाटते, मच्छीमार रिकामा आहे. प्रत्यक्षात होड्या ओढून शाकारल्या जातात, जाळ्यांची डागडुजी होते, इंजिने खोलली जातात, उधारीचे हिशेब मिटवले जातात. ऑगस्टमध्ये जाळे फाटले तर जूनमध्ये काय केले, हे सगळ्या किनाऱ्याला कळते.

तयारी हे कामच आहे, ही गोष्ट कायद्यालाही मान्य आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते आठवीच्या शिक्षकाला आठवड्याचे ४५ तास ठरवून दिले आहेत आणि ते पाठाच्या तयारीसह आहेत. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवे. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. शिक्षकांनी आपल्या हक्कासाठी याचा आधार जरूर घ्यावा. पण हक्क मागताना स्वतःलाही विचारावे की मिळालेल्या वेळेत तयारी किती झाली आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये किती गेला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुतेक लोक तोट्यात राहतात असे बजावले आहे. ही हदीस सहीह बुखारीत आहे. फुरसत मिळाली तरी ती हातातून निसटते, हा तो तोटा.

आम्ही काय बदलले

त्या मुलानंतर आम्ही काही साध्या गोष्टी सुरू केल्या. कुठल्याही व्यवसायात त्या करता येतील.

फज्रनंतर वहीत तीन रकाने आखतो. पहिल्यात आजच केले नाही तर कायमचे जाणारे काम. हा रकाना लहान ठेवायचा, दोन-तीन ओळींचाच. दुसऱ्यात उद्या केले तरी चालेल असे काम. तिसऱ्यात दुसऱ्याला सोपवता येईल किंवा मुळात आपले नाहीच असे काम. ज्यावर "तातडीने" लिहिलेले असते, त्यातले बरेचसे दुसऱ्या रकान्यात जाऊन बसते, असा आमचा अनुभव आहे.

दिवसाचे तुकडे नमाजांनी पाडतो. फज्र ते शाळा: वाचन आणि तयारी. सकाळी डोके ताजे असते तेव्हा अवघड काम. जुहरनंतर एक ठरलेला तास कागदपत्रांचा, त्यातच सगळी माहिती एकत्र भरायची. दिवसभर एकेक तक्ता उघडत बसायचे नाही. असर ते मगरिब माणसांसाठी. एका वेळी दोन कामे वरून आली, तर अदबीने विचारतो, "साहेब, यातले आधी कोणते देऊ?" विचारल्यामुळे आजवर कुणी रागावले नाही. उलट अनेकदा "ते राहू दे, सोमवारी द्या" असे उत्तर मिळाले.

आणि एक नियम मोडत नाही. मुलगा तीन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या घरी जायचे. दुकानदाराने तीन दिवस न दिसलेल्या गिऱ्हाइकाची, मुकादमाने न दिसलेल्या मजुराची अशीच चौकशी करावी.

घरातला हिशेब राहिलाच. पुरुषाच्या कामाला वेळापत्रक असते. स्त्रीच्या कामाला ना सुट्टी, ना बंदीचा काळ. पहाटे डबा, मग मुले, सासू-सासऱ्यांची औषधे, काही घरांत मासळीची विक्रीही. तिच्या नमाजेला, तिच्या वाचनाला वेळ उरतो का, हे आम्ही स्वतः घरात बरीच वर्षे विचारले नव्हते. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजेची वेळ झाली की बाहेर पडत. ज्यांच्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, त्यांना घरासाठी वेळ होता.

अजून एक हंगाम

तो मुलगा त्या वर्षी परत आला नाही. दोन हंगाम नौकेवर गेले, उचल फिटली. मागच्या जूनमध्ये, होड्या किनाऱ्यावर आल्यावर, तो स्वतःच असरला मशिदीत भेटला आणि म्हणाला, "सर, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे." खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचे तर हा फॉर्म भरावा लागतो. बंदीचे ते ६१ दिवस आम्ही रोज असरनंतर बसलो. गणित अजून चांगले आहे, अक्षर अजून वाईट. आता तो समुद्रावर जातो आणि पाणी बघून वेळ काढतो. रात्रीची भरती असली की दुपारी येतो, पहाटेची असली की संध्याकाळी. आमचे वेळापत्रक त्याच्या भरतीप्रमाणे बदलते.

परीक्षेचा निकाल अल्लाहच्या हाती. गेलेली दोन वर्षे मात्र आम्ही त्याला परत देऊ शकत नाही. सूरह अस्र अवघ्या तीन आयतींची आहे आणि तिची सुरुवातच काळाच्या शपथेने होते. लहानपणी पाठ केलेली ही सूरह आता नमाजेत पढताना हजेरीपटावरची ती अकरा खुणांची ओळ डोळ्यांसमोर येते. अल्लाह आपल्या सर्वांना वेळेची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.