पहिले दहा मीटर : कुटुंबाच्या स्कूबा सहलीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी मालवण, तारकर्ली, गोवा नाहीतर अंदमानचे बेत सुरू होतात आणि हल्ली त्यांत स्कूबा डायव्हिंग हमखास असतं. ठिकाण ठरतं ते बहुधा फोटो कसे येतात, दर किती आणि कोण किती खोल नेतं यावरून. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्या कुटुंबाला या तिन्ही कसोट्या पुरत नाहीत. नवख्या माणसाची सुरक्षितता आणि आनंद दोन्ही समुद्राच्या पहिल्या दहा मीटरांत ठरतात आणि तिथे कामी येतो तो शिकवणाऱ्याने दिलेला वेळ. म्हणून जागेच्या आधी शिकवण्याची पद्धत पाहावी आणि घरातल्या सर्वांत बिचकणाऱ्या माणसाला झेपेल असा बेत आखावा. हे पटायला आड येणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : उथळ पाण्यात धोका नसतो, खोल गेलं तरच जपायचं

समुद्रसपाटीवर आपण हवेचा जेवढा दाब सोसतो, तेवढीच भर पाण्यात दर दहा मीटरांना पडते. म्हणजे दहा मीटरांवर दाब दुप्पट आणि वीस मीटरांवर तिप्पट. पृष्ठभागापासून दहा मीटरांपर्यंत तो दुप्पट होतो, पुढच्या दहा मीटरांत मात्र दीडपटच वाढतो. कान, नाकाजवळच्या पोकळ्या आणि फुप्फुसं यांतल्या हवेला सर्वांत मोठा बदल सोसावा लागतो तो सुरुवातीच्या या टप्प्यातच. दहा मीटरांवर हवा भरलेला फुगा वर येईपर्यंत दुप्पट होतो. त्या खोलीवर टाकीतून घेतलेला श्वास कोंडून कुणी वर आलं, तर फुप्फुसांतली हवाही तशीच फुगू पाहते. पूर्ण भरलेला श्वास रोखून जेमतेम एक-दीड मीटरवरून वर येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांनाही इजा होऊ शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम आहे. उतरताना कानाचा पडदा आत दाबला जातो. त्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची आणि कानांतला दाब सारखा करायचा. हे दुखायला लागण्याआधी, थोड्या थोड्या अंतरावर करत राहावं लागतं. सर्दी झाली असेल तर हवेची ही वाट बंद असते, त्यामुळे त्या दिवशी पाण्याखाली न जाणंच बरं. गोळी घेऊन उतरणं हा उपाय नव्हे, कारण तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा आतच अडकते.

यावर कुणी म्हणेल, की रोज कितीतरी पर्यटक किनाऱ्यावर पाच मिनिटं सूचना ऐकून जातात आणि सुखरूप परत येतात. ते खरं आहे. पण ते सुखरूप येतात, कारण पहिल्या बुडीत खोली, वेग आणि हवा हे सगळं प्रशिक्षक सांभाळत असतो. मग पैसे मोजताना सर्वांत आधी त्याच्याबद्दलच विचारायला हवं. त्याचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे? पाण्याखाली तो किती जणांना सांभाळणार? कमरेइतक्या पाण्यात सराव किती वेळ घेणार? त्या सरावात मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणं, श्वासाचा रेग्युलेटर तोंडातून काढून परत लावणं आणि हाताच्या खुणा एवढं तरी यायला हवं. अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ असं आपण समजतो, पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ ‘वर जायचंय’ असा होतो. ही एक खूण माहीत नसली, तरी खुशीत असलेल्या माणसाची बुडी अर्ध्यावर संपते.

गैरसमज : पोहता येत असेल तर स्कूबा सोपं, नसेल तर अशक्य

पहिल्या अनुभवाच्या बुडीसाठी पोहता येणं सक्तीचं नसतं. रीतसर अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळी. पॅडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्रासाठी 200 मीटर पोहावं लागतं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवावं लागतं. अनुभवाच्या बुडीत मात्र हातपाय मारण्याची फारशी गरज नसते. तोंडाने संथ, अखंड श्वास घेत राहणं हेच मुख्य काम. उलट पोहणाऱ्याला डोकं पाण्याखाली गेलं की श्वास धरायची सवय असते आणि ती त्याला आधी मोडावी लागते. याचा अर्थ पोहणं निरुपयोगी आहे असा नाही. त्याचा खरा उपयोग पृष्ठभागावर, बोटीत चढता-उतरताना होतो, आणि धोक्याचा विचार करताना आपण नेमका पृष्ठभागच विसरतो. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ती दुर्घटना खोल पाण्यात नव्हे, परतीच्या वाटेवर झाली. त्यामुळे पोहता येवो न येवो, बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं दिसली तर चढायचं नाही.

गैरसमज : टाकीत ऑक्सिजन असतो, म्हणून दम्याच्या माणसालाही त्रास होणार नाही

पर्यटकांच्या पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली साधी, गाळलेली हवा असते. तिच्यात सुमारे 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी मुख्यतः नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरांच्या खाली शरीराला विषारी ठरू लागतो आणि झटके येऊ शकतात. त्यामुळे टाकीतून औषधासारखा काही लाभ होईल ही आशा सोडावी. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया आणि गरोदरपण यांबद्दलचे प्रश्न उतरण्याआधीच्या अर्जात असतात, ते यासाठीच. तिथे सरसकट ‘नाही’ लिहून मोकळं होण्याची सवय फार महागात पडू शकते. सुट्टी बुक करण्याआधी, घरी असतानाच हा अर्ज मागवून घ्यावा आणि एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांना दाखवावा. आजोबांना ‘नाही’ म्हणायची वेळ किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर येण्यापेक्षा घरी आलेली बरी.

हवेतल्या नायट्रोजनमुळे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण निघायच्या आत माणूस विरळ हवेत गेला तर शरीरात बुडबुडे धरू शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा, की एकाच साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. हा सल्ला सुमारे 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू होतो आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. सकाळी मालवणात पाण्याखाली जाऊन दुपारी गाडीने आंबोली घाट चढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उथळ, छोट्या बुडीत नायट्रोजन कमी साठतो, हे मान्य. तरीही स्कूबा पहिल्या दिवशी ठेवलं आणि रात्र कोकणातच काढली, तर हा प्रश्नच उरत नाही.

गैरसमज : मूल धीट असेल तर वयाचं बंधन कशाला

पॅडीच्या नियमांनुसार 8 वर्षांच्या मुलाला टाकी लावून फक्त 2 मीटरपर्यंत उतरता येतं. समुद्रातल्या अनुभवाच्या बुडीसाठी किमान वय 10, आणि ती 12 मीटरपर्यंतच. ही मर्यादा धिटाई मोजत नाही. लहान मुलांच्या कानापासून घशापर्यंतच्या नळ्या अरुंद असतात, त्यांचं अंग लवकर गारठतं, आणि घाबरल्यावर सरळ वर पळायचं नाही हे कळायला थोडी समज लागते. आपलं मूल अपवाद आहे असं प्रत्येक आईबाबांना वाटतं, आणि वय विचारल्यावर एखादं वर्ष वाढवून सांगण्याचा मोहही होतो. जो केंद्रचालक वय विचारतच नाही, त्याच्याकडे जाऊ नये. लहानग्यांसाठी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग हा पूर्ण आनंदाचा पर्याय आहे. आईबाबांनी एकाच वेळी पाण्याखाली जाऊ नये. आळीपाळीने गेलं म्हणजे मुलांजवळ घरचं माणूस राहतं.

गैरसमज : खरं स्कूबा अंदमानलाच, जवळचं ते दुय्यम

अंदमानच्या पाण्यातून दूरवरचं दिसतं आणि प्रवाळही समृद्ध आहे, यात वाद नाही. पण पहिल्या बुडीत माणसाचं निम्मं लक्ष स्वतःच्या श्वासाकडेच असतं. ही बुडी आपल्याला आवडते का, एवढंच पाहायचं असेल तर सिंधुदुर्गचा किनारा पुरेसा आहे. मालवणचा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पाऊस संपल्यावर लगेच पाणी गढूळ असतं, डिसेंबर ते फेब्रुवारीत ते बहुधा जास्त निवळ मिळतं. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवतीचं पाणी छान, पण बोटीचा प्रवास लांबचा. ज्यांना बोट लागते त्यांनी आधी विचार करावा. घरात कुणाला तीन-चार दिवस देऊन प्रमाणपत्र मिळवायचं असेल, तर स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, चांगलं. तिथल्या नेमो किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरता येतं. अनुभवाच्या बुडीनंतर हातात पडणारा कागद म्हणजे डायव्हिंगचा परवाना नव्हे. पुढच्या सहलीत त्याच्या जोरावर एकट्याने उतरता येत नाही.

फोटोसाठी प्रवाळाला धरून बसायला सांगणारा वाटाड्या दोन्ही अर्थांनी चुकीचा. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे आणि 2001 पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. शिवाय तरंगायला न शिकवता आधाराला प्रवाळ दाखवणं म्हणजे प्रशिक्षण अपुरं असल्याचीच कबुली.

एवढी सावधगिरी बाळगली तर मजा कुठे उरली, हा शेवटचा आक्षेप. पाण्याखाली घाबरलेला माणूस भराभर हवा संपवतो आणि काही न पाहता वर येतो. शांत माणसाची तीच टाकी जास्त वेळ पुरते. म्हणजे सरावात घालवलेला अर्धा तास खाली मासे पाहायलाच मिळतो. कमी दरात नेमकी काटछाट होते ती याच अर्ध्या तासाची, म्हणून दरांची तुलना करताना वेळेचीही करावी. आणि निघण्यापूर्वी घरात एक गोष्ट ठरवून टाकावी : बोटीवर असो की पाण्याखाली, कुणीही कधीही ‘मला नको’ म्हणू शकतो. त्याला कुणी आग्रह करणार नाही, पैसे गेले म्हणून बोलणारही नाही. ज्या केंद्राला हा करार मान्य असेल, तेच नवख्या कुटुंबासाठी योग्य.