घरात मकाव किंवा काकाकुवा आहे? मग खोकला अंगावर काढू नका

मकाव, काकाकुवा असे मोठे पोपट पाळणाऱ्या घरातली पहिली तक्रार आवाजाची असते. उजाडताना आणि दिवेलागणीला हे पक्षी जोरजोरात ओरडतात. जंगलात थव्यातल्या सोबत्यांना हाक घालायची ही त्यांची रीत, पिंजऱ्यात आले म्हणून ती सुटत नाही. बाळ दचकून उठते, शेजारी कुरकुर करतात आणि सगळ्यांचे लक्ष आवाजाकडेच राहते. डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी वाटते ती त्यांच्या अंगावरून झडणाऱ्या भुकटीची.

तरी आवाजही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जवळून मोजला तर तो १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. एवढा आवाज दिवसात १५ मिनिटांपेक्षा जास्त कानावर पडू नये, असा कामगारांच्या सुरक्षिततेचा एक प्रचलित निकष आहे. पक्षी खांद्यावर बसला की त्याची चोच तुमच्या कानापासून वीतभरही लांब नसते. ओरडायची त्याची वेळ असेल तेव्हा त्याला खांद्यावर घेऊ नका. आणि "गप्प बस" म्हणून तुम्हीही ओरडू नका, त्याला ते हाकेचे उत्तरच वाटते!

भुकटीने काय होते?

काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे पोपटाच्या अंगावरची काही खास पिसे टोकाशी सतत झिजतात आणि त्यांची पांढरी पावडर होते. टीव्हीच्या पडद्यावर रोज बसणारा पातळ थर बऱ्याचदा हाच असतो. मकावची भुकटी कमी, पण त्याच्या पिसांतली आणि वाळलेल्या विष्ठेतली प्रथिनेही हवेत मिसळतात. काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती या प्रथिनांविरुद्ध उठते आणि फुप्फुसाला सूज येते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, थोडक्यात एचपी, म्हणतात. कबुतरांमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराबद्दल तुम्ही ऐकले असेल, तो हाच. हा जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने बरा होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही.

कधी तो अचानक येतो. पिंजरा साफ केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, खोकला, धाप, आणि एक-दोन दिवसांत बरे. मग 'व्हायरल होते' म्हणून विषय संपतो. दुसरा प्रकार जास्त फसवा. कोरडा खोकला जात नाही, जिना चढताना दम लागतो, वजन थोडे उतरते. रुग्णाला वाटते वय झाले. दमा समजून पंप दिला जातो, कधी टीबीच्या तपासण्या होतात, आणि पक्ष्याचा विषयच निघत नाही. दरम्यान फुप्फुसात व्रण धरून ते कडक होत जाते. एकदा झालेले हे फायब्रोसिस मागे फिरत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

गावाला गेल्यावर खोकला कमी आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू, हा चांगला सुगावा आहे. पण जुन्या आजारात असा फरक जाणवेलच असे नाही. छातीचा साधा एक्स-रेसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. एचआरसीटी स्कॅन आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी लागते. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ समजू नका. फुप्फुसाच्या अशा आजारांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत १,०८४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना एचपी होता.

उपचाराचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे पक्षी घरातून हलवणे. मकाव पन्नास वर्षेही जगतो, अनेक घरांत तो मुलांबरोबर वाढलेला असतो. हे सांगताना समोरच्याचे डोळे भरून येतात, हे मी जाणतो. पण पक्षी घरातच ठेवून नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्यांवर भागवता येत नाही, आणि पिंजरा बाल्कनीत ठेवणे म्हणजे हलवणे नव्हे. पक्षी गेल्यावरही भुकटी गाद्या, पडदे, गालिचे यांत कित्येक महिने राहते. तेही धुवावे किंवा काढून टाकावे लागतात. ही साफसफाई रुग्णाने स्वतः करू नये.

पोपटाचा ताप

हा मात्र संसर्ग आहे. सिटॅकोसिस या नावाचा हा आजार जिवाणूमुळे होतो. पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी त्याच्या विष्ठेतून जिवाणू पडत असू शकतात, विशेषतः प्रवासाचा ताण झालेल्या नव्या पक्ष्याच्या. बहुधा ५ ते १४ दिवसांत जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. नेहमीची अमॉक्सिसिलिनसारखी औषधे इथे चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालते. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी पक्ष्याबद्दल आपणहून सांगा. गरोदरपणात हा आजार गंभीर होऊ शकतो आणि औषधही वेगळे निवडावे लागते. अशा वेळी पिंजऱ्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावे.

पक्षी आणायचाच असेल तर

आधीच दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आणू नका, असेच मी सांगेन. इतरांनी नवा पक्षी पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. पिंजरा झोपायच्या खोलीत नको. कोरडा झाडू मारू नका. तळाचा कागद पाण्याने भिजवून मग उचला, आणि तोंडावर एन-९५ मास्क लावा. चावलाच तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. रेबीज सस्तन प्राण्यांपासून होतो, पोपटाच्या चाव्यासाठी ती लस लागत नाही.

खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पक्षी कोणता, किती वर्षांपासून आहे, पिंजरा कोण साफ करते, हे लिहून न्या. ओठ निळसर दिसले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.