जादा ठोके आणि थकणारे हृदय

छातीत एकाएकी काहीतरी उलटल्यासारखे वाटावे, क्षणभर सारे थांबल्याचा भास व्हावा आणि पाठोपाठ एक जोरदार ठोका बसावा, हा अनुभव अनेकांना येतो. 'ठोका चुकला' असे आपण म्हणतो. वास्तविक तो चुकलेला नसून वेळेआधी पडलेला जादा ठोका असतो. निकोप प्रकृतीच्या माणसांतही असे ठोके पडतात व बहुधा ते निरुपद्रवीच असतात. परंतु त्यांची संख्या फार वाढून ती दीर्घकाळ तशीच राहिली, तर काहींच्या हृदयाचे स्नायू दुर्बल होऊ लागतात.

ठोक्याची आज्ञा हृदयाच्या वरच्या कप्प्यातील नैसर्गिक केंद्रातून निघते व ठरावीक मार्गाने खाली पोहोचते. त्यामुळे खालचे दोन्ही कप्पे एकदम आकुंचन पावतात. येथे वर्णिलेला जादा ठोका मात्र खालच्या कप्प्याच्या स्नायूतच उगम पावतो. मग एक बाजू आधी आकसते, दुसरी मागाहून. जोडीतील एक बैल पुढे ओढू लागला व दुसरा मागे राहिला, तर तिफण वाकडी चालावी, तसेच हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट संख्या. दिवसभरात हृदय सुमारे १ लाख वेळा धडकते. त्यांपैकी १० टक्के, म्हणजे दहा हजारांच्या आसपास, ठोके जादा असतील तर सावध व्हावे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी २०१० साली १७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५७ जणांचे हृदय दुर्बल झालेले होते, आणि जादा ठोक्यांचे प्रमाण २४ टक्क्यांहून अधिक असलेल्यांत हा धोका विशेष आढळला. अर्थात एवढे ठोके असूनही कित्येकांचे हृदय शाबूत राहते. आलेखावर जादा ठोका फार रुंद उमटणे, तो हृदयाच्या बाह्य पृष्ठभागाजवळ उगम पावणे, रात्रंदिवस सारख्याच प्रमाणात पडत राहणे आणि रुग्ण पुरुष असणे, हीही धोक्याची लक्षणे मानली जातात.

याहून विलक्षण बाब अशी की, ज्याला धडधड जाणवत नाही त्याला धोका अधिक. ज्याला त्रास होतो तो दवाखाना गाठतो. दुसऱ्याचा विकार वर्षानुवर्षे तसाच राहतो. परभणी जिल्ह्यात कापूस वेचणीच्या वा सोयाबीन काढणीच्या दिवसांत दम लागला, पायांवर सूज आली, तर तो कष्टाचा वा वयाचा परिणाम समजून सोडून देण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. पण ही रीत घरोघर दिसते.

काही सेकंदांच्या ई.सी.जी.मध्ये दिवसाची मोजदाद होत नाही. त्यासाठी होल्टर नावाचे छोटे यंत्र २४ तास अंगावर बांधतात आणि सोनोग्राफीसारख्या 'टू-डी इको' तपासणीने हृदयाची शक्ती पाहतात. परभणी येथे २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या तपासण्यांविषयी तेथे किंवा नजीकच्या शासकीय रुग्णालयात विचारणा करावी. अशक्त हृदयामुळेही जादा ठोके पडतात, म्हणून मूळ कारण कोणते, हे डॉक्टरच ठरवू शकतात. रक्तातील पोटॅशियम, थायरॉइड व हृदयाच्या रक्तवाहिन्या यांचीही तपासणी त्यांना करावी लागते.

उपचार औषधांनी होतो, किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन जादा ठोक्याचा उगमबिंदू उष्णतेने निकामी करतात. ठोके आटोक्यात आले की अनेकांच्या हृदयाची शक्ती काही महिन्यांत परत येते. ती आली की नाही हे पाहण्यासाठी इको पुन्हा करतात आणि ते यंत्रही आणखी एकदा बांधतात.