उंदीर क्रमांक २५७६
(विसरणाऱ्या मेंदूची गोष्ट : लेखांक ७)

उंदराला अल्झायमर होत नाही. म्हातारा झाला की तोही सुस्तावतो, गोंधळतो. पण माणसाच्या मेंदूत साठतात तसे अमायलॉइडचे प्लाक त्याच्या मेंदूत साठत नाहीत. अमायलॉइड-बीटा या प्रथिनाच्या तुकड्यात माणसात आणि उंदरात तीन अमिनो आम्लं वेगळी आहेत आणि तेवढ्यावरून उंदराचा तुकडा सहसा गोळा होत नाही. त्यामुळे हा आजार प्रयोगशाळेत पाहायचा, तर आधी तो उंदराला लावावा लागतो. ते काम ज्यांनी नावारूपाला आणलं, त्या कॅरन शाओ अ‍ॅश यांच्याविषयी या आठवड्यात.

१९९१ साली लंडनच्या गटाने वारशाने येणाऱ्या अल्झायमरमागचा एक जनुकीय बदल शोधला, हे आपण मागे पाहिलं. त्यानंतर असा उंदीर आधी कोण तयार करतो याची चढाओढच लागली. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. प्लाक, चेतापेशींमधले गुंते, मेलेल्या पेशी, सगळं म्हणे एकाच उंदरात सापडलं होतं. काही महिन्यांतच, १९९२ मध्ये, तो निबंध मागे घ्यावा लागला. दुधाने तोंड पोळलेलं हे क्षेत्र मग काही वर्षं ताक फुंकून पीत होतं. १९९५ मध्ये अथीना न्यूरोसायन्सेस या कंपनीच्या गटाने खरोखर प्लाक होणारा उंदीर दाखवला. प्लाकचा प्रश्न सुटला, पण रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांकडे जातात ते आठवत नाही म्हणून. मग हा उंदीर विसरतो का? अ‍ॅश यांना विचारायचं होतं ते हे.

त्यांचे आईवडील चीनमधून अमेरिकेत आलेले, वडील मिनेसोटा विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक. एमआयटीतून पीएचडी आणि हार्वर्डमधून वैद्यकीची पदवी घेऊन त्या सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनली प्रुसिनर यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. प्रुसिनर तेव्हा प्रायॉनच्या मागे होते. निव्वळ प्रथिनामुळे संसर्गजन्य आजार होतो, हे त्यांचं म्हणणं फार थोड्यांना पटत होतं (नोबेल मिळायला १९९७ उजाडलं). गर्स्टमान-श्ट्रॉयस्लर नावाचा मेंदूचा एक दुर्मीळ आजार काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्याचं मूळ प्रायॉन प्रथिनाच्या जनुकातल्या एका बदलात असल्याचं १९८९ च्या निबंधात दाखवलं गेलं; त्याच्या पहिल्या लेखिका होत्या अ‍ॅश, म्हणजे तेव्हाच्या शाओ. पुढच्याच वर्षी तो बदल त्यांनी उंदरात घातला आणि बाहेरून कसलाही संसर्ग न देता उंदीर आजारी पडले.

माणसाच्या घराण्यात सापडलेला बदल उचलायचा, उंदरात घालायचा आणि वाट पाहायची, ही रीत इथून आली. हत्यारही इथूनच आलं. हॅम्स्टरच्या प्रायॉन जनुकाचा पुढचा भाग, म्हणजे जनुक कुठे आणि किती चालवायचा हे ठरवणारा तुकडा, मेंदूत जोरात काम करतो. मिनेसोटाला परतल्यावर अ‍ॅश यांनी त्याच्या मागे माणसाचा अमायलॉइडचा जनुक जोडला. तोही साधा नाही, तर एका स्वीडिश घराण्यात सापडलेला. त्या घराण्यातल्या बदलामुळे अमायलॉइड-बीटाचं उत्पादन कितीतरी वाढतं.

पहिले उंदीर मेले. एफव्हीबी नावाच्या वाणाच्या उंदरांत हा जनुक घातल्यावर ते तरुणपणीच दगावले. मेंदूत अमायलॉइड साठायला त्यांना वेळच मिळाला नाही. १९९५ मध्ये अ‍ॅश यांनी हे अपयशच निबंध म्हणून छापलं. त्यांच्या सगळ्या लिखाणात मला हा निबंध सर्वाधिक आवडतो. एकच जनुक एका वाणात जीव घेतो आणि दुसऱ्यात फक्त स्मृती, हे त्यातूनच पुढे कळलं. त्यांनी वाण बदलून मिश्र वंशाचे उंदीर घेतले आणि त्यांतून टीजी२५७६ हा वंश उभा राहिला. टीजी म्हणजे ट्रान्सजेनिक, दुसऱ्याचा जनुक अंगी असलेला.

उंदीर विसरला हे ओळखायचं कसं? रिचर्ड मॉरिस यांनी स्कॉटलंडमध्ये त्यासाठी पाण्याचा हौद बसवला होता. गोल हौद, पाणी गढूळ केलेलं, सुरुवातीला त्यासाठी चक्क दूध घालत. पृष्ठभागाच्या जरा खाली एक चौथरा लपवलेला. उंदराला पोहता येतं, पण आवडत नाही. तो चौथरा शोधतो आणि वर चढून बसतो. भिंतींवरच्या खुणा पाहून जागा ध्यानात ठेवली की दिवसागणिक तो लवकर पोचू लागतो. मग परीक्षक चौथराच काढून घेतो. जागा आठवणारा उंदीर हौदाच्या त्याच भागात घिरट्या घालतो, न आठवणारा सगळीकडे फिरत राहतो. आधी चौथऱ्यावर उघडी खूण ठेवून आणखी एक चाचणी करायची असते, कारण उंदीर आंधळा किंवा थकलेला असला तरी तो ‘विसरला’ असंच दिसेल. हा धोका पुस्तकी नव्हता. टीजी२५७६ च्या मिश्र वंशातल्या एका वाणात दृष्टिपटल नासवणारा जनुक होता आणि काही पिल्लं खरोखर आंधळी निघत. ज्या प्रयोगशाळांनी ती वेगळी काढली नाहीत, त्यांनी काय मोजलं असेल?

ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला. तीन महिन्यांचे उंदीर चांगले शिकत होते. नऊ-दहा महिन्यांचे तेच शिकताना अडखळत होते. मेंदूत अमायलॉइड-बीटाच्या छोट्या प्रकाराची पातळी पाचपट झाली होती आणि अधिक चिकट, लांब प्रकाराची चौदापट. प्लाकही होते. जगभरच्या प्रयोगशाळांनी हे उंदीर मागवले. औषध द्या, हौदात सोडा, मोजा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डझनावारी संयुगांनी त्यांची स्मृती ‘परत आणली’.

माणसांची परत आली नाही. अथीनाच्या उंदरांवर १९९९ मध्ये यशस्वी ठरलेली लस माणसांना दिली, तेव्हा जवळपास सहा टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. नंतरची औषधंही एकामागून एक पडली. दोष उंदराचा, असं सर्रास बोललं जाऊ लागलं.

अ‍ॅश यांनी कॅथलीन झास यांच्याबरोबर २०१० मध्ये याचं उत्तर दिलं आणि मला ते पटतं. टीजी२५७६ च्या मेंदूत अमायलॉइड आहे, विस्मरण आहे. पण पेशी फारशा मरत नाहीत आणि गुंतेही होत नाहीत. माणसाचं निदान होतं तोवर त्याच्या मेंदूतल्या असंख्य पेशी गेलेल्या असतात. म्हणजे उंदीर अल्झायमरच्या रुग्णाचा नमुना नाही, रुग्ण होण्याआधीच्या माणसाचा आहे. तो बरा करण्याविषयी बोलतच नव्हता, आजार टाळण्याविषयी बोलत होता. आपण त्याचं म्हणणं चुकीच्या रुग्णांवर लावत होतो.

एक कोडं मात्र त्यांच्या मनातून जात नव्हतं. हे उंदीर सहा महिन्यांच्या सुमारास विसरू लागतात, तेव्हा प्लाक झालेलेही नसतात. मग स्मृती कोण खातं? २००६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतले सिल्वँ लेस्ने पहिले लेखक असलेला निबंध ‘नेचर’मध्ये आला. पाण्यात विरघळणारा, बारा तुकड्यांचा एक अमायलॉइड गट हा गुन्हेगार, असं त्यात होतं. तो उंदरांमधून काढून तरुण रॅटना टोचला, तर तेही विसरत. त्याच वर्षी अ‍ॅश यांना पोटॅमकिन पुरस्कार मिळाला.

जुलै २०२२ मध्ये ‘सायन्स’मधल्या चार्ल्स पिलर यांच्या शोधलेखात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मॅथ्यू श्रॅग यांनी त्या निबंधातल्या चित्रांवर बोट ठेवलं. प्रथिनांचे पट्टे जोडलेले, दुसरीकडून उचललेले वाटत होते. जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. अ‍ॅश आणि इतर लेखकांनी मान्यता दिली, लेस्ने यांनी दिली नाही. दोन हजारांहून अधिक वेळा उल्लेखलेला निबंध असा जाणं ही लहान गोष्ट नव्हे. ‘अल्झायमरचं सगळं संशोधनच खोटं’ असे मथळेही तेव्हा झळकले. ते मला बिनबुडाचे वाटतात. अमायलॉइडचा मुद्दा मुळात घराण्यांमधल्या जनुकांवर आणि डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांवर उभा आहे, या एका निबंधावर नाही. आणि १९९६ च्या उंदराला याचा धक्का लागत नाही, त्याचं विस्मरण अनेकांनी आपापल्या हौदांत पाहिलं आहे. अ‍ॅश मात्र तो गट अस्तित्वात आहे या म्हणण्यावर ठाम राहिल्या आणि २०२४ मध्येच त्यांच्या प्रयोगशाळेने नवा पुरावा छापला. तो किती टिकतो हे इतर प्रयोगशाळा ठरवतील. पहिल्या वेळी तसं मनापासून कुणी केलं असतं, तर बरं झालं असतं.

मग औषधांचं काय झालं? लेकॅनेमॅब हे अमायलॉइड काढणारं औषध १,७९५ रुग्णांवर दीड वर्ष तपासलं, तेव्हा घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. उंदरांतले निकाल पाहिलेल्यांना हे फारच थोडं वाटलं. पण ‘आधीच द्या’ या अ‍ॅश यांच्या म्हणण्याची खरी कसोटी लक्षणं नसलेल्या माणसांवरच लागते. सोलानेझुमॅब हे औषध मेंदूत अमायलॉइड असलेल्या, पण निरोगी दिसणाऱ्या ज्येष्ठांना वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०२३ मध्ये निकाल आला: फायदा नाही. ते औषध प्लाक काढत नव्हतं, त्यामुळे हा निवाडा त्या म्हणण्याचा की औषधाचा, यावर वाद आहे. प्लाक काढणारं लेकॅनेमॅब लक्षणं नसलेल्यांना चार वर्षं देण्याची चाचणी २०२० मध्ये सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात अ‍ॅश यांचा दुसरा उंदीर. गुंते ज्याचे होतात त्या टाऊ प्रथिनाचा त्याच्यातला जनुक औषध देऊन बंद करता येतो. २००५ मध्ये तो बंद केल्यावर पेशींतले गुंते वाढतच राहिले, आणि तरीही उंदराला आठवू लागलं.