भिंतीला चेंडू आपटणारा फुटबॉल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

22 डिसेंबर 1978ची रात्र. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवर नासाउ कोलिझियम नावाचं एक मोठं बंदिस्त प्रेक्षागार आहे. एरवी तिथे बर्फावरची हॉकी चालायची. त्या रात्री बर्फावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर हिरवा कृत्रिम गालिचा अंथरला होता. 10,386 माणसं तिकीट काढून आत बसली होती. पहिला चेंडू मारायला आला तो फुटबॉलपटू नव्हताच. तो होता पीट रोझ, अमेरिकेचा नावाजलेला बेसबॉलपटू. सिनसिनाटी किड्स या पाहुण्या संघाच्या मालकीत त्याचा वाटा होता. गंमत म्हणजे, स्वतः रोझ त्याच महिन्यात सिनसिनाटीचा बेसबॉल संघ सोडून फिलाडेल्फियाला गेला होता! सामना न्यूयॉर्क अ‍ॅरोज संघाने 7-2 असा जिंकला. ‘मेजर इंडोअर सॉकर लीग’ या व्यावसायिक स्पर्धेचा हा पहिला सामना.

मी पंचवीस वर्षं शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवला, गावोगावच्या सामन्यांत शिट्टीही फुंकली. हल्ली आपल्याकडे शहरोशहरी जाळी लावलेली ‘टर्फ’ झाली आहेत. तासाच्या भाड्याने घ्यायची, पाच-सहा जणांनी खेळायचं आणि पुढच्यांची वेळ झाली की बाहेर यायचं. माझ्यासारखे जुने लोक ते बघून नाकं मुरडतात. ‘हा काय फुटबॉल?’ हा प्रश्न 1978 साली अमेरिकेत थेट पैसे लावून, कागदपत्रं करून विचारला गेला होता. त्याचं काय झालं ते आज सांगायचं आहे.

मुळात कल्पना आली कुठून? फेब्रुवारी 1974मध्ये फिलाडेल्फियाचा ‘अ‍ॅटम्स’ हा अमेरिकेचा विजेता संघ आणि मॉस्कोचा लाल सैन्याचा संघ यांच्यात एक प्रदर्शनीय सामना झाला, तोही शहरातल्या ‘स्पेक्ट्रम’ या बंदिस्त प्रेक्षागारात. रशियन 6-3 असे जिंकले. पण हिशेब करणाऱ्यांचं लक्ष त्या आकड्याकडे नव्हतं. भर थंडीत 11,790 लोक आले होते, ही खरी बातमी होती. त्या गर्दीत एड टेपर नावाचा एक व्यावसायिक बसला होता. पुढे त्याने अर्ल फोरमन या वॉशिंग्टनच्या वकिलाला गाठलं. फोरमनने आधी बास्केटबॉल आणि फुटबॉल या दोन्हींत संघ चालवून पाहिले होते. या दोघांनी मिळून लीग उभी केली.

हिशेब सरळ होता. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या शहरात पंधरा-वीस हजार माणसांचं एक प्रेक्षागार असतं. हॉकी आणि बास्केटबॉलचे सामने त्यात होतात, पण हिवाळ्यातल्या बऱ्याच रात्री ते रिकामं पडून राहतं. रिकाम्या प्रेक्षागाराचा खर्च काही थांबत नाही. दुसरीकडे मैदानी फुटबॉल उन्हाळ्यात संपला की खेळाडू घरी बसलेले. पेलेने नुकताच निरोप घेतला होता. 1977 साली न्यूयॉर्क कॉसमॉसच्या एका सामन्याला 77,691 प्रेक्षक आले होते. म्हणजे लोकांना फुटबॉलची गोडी लागू शकते, एवढं तरी सिद्ध झालं होतं. रिकामं सभागृह आणि रिकामे खेळाडू, यांची गाठ घालून द्यायची, झालं.

आता खेळ कसा, ते जरा नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. मैदान हॉकीच्या रिंकएवढं, साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. कोपरे गोल. चारी बाजूंनी लाकडी कठडा आणि त्यावर पारदर्शक तावदानं. एका बाजूचे सहा खेळाडू, त्यात गोलरक्षक आला. गोल 12 फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, म्हणजे नेहमीच्या 24 फुटांच्या निम्म्या रुंदीचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव.

चेंडू कठड्याला लागला तरी खेळ थांबत नाही. आमच्या मैदानी खेळात चेंडू रेषेबाहेर गेला की शिट्टी, मग हाताने फेक, तोवर सगळ्यांना एक श्वास मिळतो. इथे तो श्वास गेला. कठडा हा जणू सातवा गडी. समोरचा बचावपटू आडवा आला तर चेंडू कठड्यावर मारायचा आणि त्याच्या पाठीमागे जाऊन परत घ्यायचा. कॅरमच्या पाटावर सोंगटी फळीला लावून घेतात, तसाच हा प्रकार. ज्याला त्या कोनाचा अंदाज आला तो राजा. नुसतं पळणारा गडी इथे काही कामाचा नाही.

बदली खेळाडू हवे तितके, हवे तेव्हा, आणि तेही खेळ चालू असतानाच. खेळाडू दीड-दोन मिनिटं जीव तोडून पळतो, कठड्यावरून उडी मारून बाहेर येतो, दुसरा आत उतरतो. आडदांडपणा केला तर दोन मिनिटं बाकावर बसायचं आणि तोवर संघाने एक गडी कमी घेऊन खेळायचं. ही शिक्षा हॉकीतून उचललेली. शिवाय, गोलरक्षकाने लांब टोला हाणून चेंडू थेट पलीकडे धाडू नये म्हणून मैदानावर तीन आडव्या रेषा होत्या. तिन्ही रेषा चेंडूने मधे कुणाचाही स्पर्श न होता हवेतून ओलांडल्या की तो दुसऱ्या संघाला मिळे. पंच म्हणून मला हा नियम फार आवडतो. एका ओळीत सगळी आळशी चाल बंद करून टाकली!

परिणाम काय, तर गोलांचा पाऊस. एका सामन्यात दहा-बारा गोल म्हणजे नवल नव्हतं. जुन्या जाणत्यांनी यालाच नावं ठेवली. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटं वाट पाहायची आणि एक गोल झाला की आठवडाभर बोलायचं, यात मजा असते, असं ते म्हणत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण ज्यांनी त्याआधी फुटबॉल पाहिलाच नव्हता त्या प्रेक्षकाला हा खेळ लगेच कळला, हेही खरं.

पहिल्या हंगामात संघ अवघे सहा. न्यूयॉर्क अ‍ॅरोज, फिलाडेल्फिया फीव्हर, पिट्सबर्ग स्पिरिट, क्लीव्हलँड फोर्स, सिनसिनाटी किड्स आणि ह्यूस्टन समिट. यातली चार शहरं पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या शेजारशेजारच्या दोन राज्यांतली, म्हणजे ‘राष्ट्रीय’ हा शब्द वापरायला जरा धाडसच लागत होतं. प्रत्येकाला 24 सामने. खेळाडू बरेचसे उसने. अ‍ॅरोजचा बहुतेक संघ रॉचेस्टर लान्सर्स या मैदानी क्लबातून आलेला, प्रशिक्षक डॉन पोपोविच तोही तिथलाच. ह्यूस्टनचंही तसंच. तिथे टिमो लिएकोस्की हा फिनलंडचा प्रशिक्षक होता आणि त्याने 24पैकी 18 सामने जिंकून संघाला गुणतक्त्यात पहिलं नेलं. पण बाद फेरीत ह्यूस्टनचं घोडं अडलं. अंतिम लढत झाली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते, न्यूयॉर्कने ते ओळीने दोन जिंकून टाकले.

अ‍ॅरोजच्या गोलमध्ये शेप मेसिंग उभा असे. हार्वर्डचा पदवीधर, 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेला, आणि कॉसमॉसमध्ये पेलेचा सहकारी. पण हा हंगाम ओळखला गेला तो दुसऱ्याच एका माणसामुळे.

त्याचं नाव स्लाविशा झुंगुल. अमेरिकेत त्याचं ‘स्टीव्ह’ झालं. युगोस्लाव्हियातल्या स्प्लिट या समुद्रकाठच्या शहरातल्या हायदुक क्लबचा तो आघाडीवीर. वय 24, देशाच्या संघात जागा पक्की. त्या काळी युगोस्लाव्हियात खेळाडूला परदेशी जाऊन खेळायची परवानगी साधारणपणे वयाच्या 28व्या वर्षापर्यंत मिळत नसे, आणि सक्तीची लष्करी सेवाही डोक्यावर होती. डिसेंबर 1978मध्ये झुंगुल न्यूयॉर्कला आला आणि परत गेलाच नाही.

त्याची किंमत मोठी होती. हायदुकने तक्रार केली आणि फिफाच्या अखत्यारीतल्या मैदानी फुटबॉलची दारं त्याला बंद झाली. युरोपात कुठला क्लब त्याला घेऊ शकेना. बंदिस्त फुटबॉलची ही लीग मात्र फिफाच्या कक्षेत येतच नव्हती. म्हणजे जगात एवढा एकच गालिचा होता, ज्यावर त्याला पोटासाठी खेळता येत होतं. ज्या लीगला जाणकार ‘सर्कस’ म्हणत, तीच या माणसाची घराबाहेरची ओसरी झाली.

आणि तो त्या गालिच्यावर असा खेळला की लोक त्याला ‘बंदिस्त फुटबॉलचा स्वामी’ म्हणू लागले. पहिल्या हंगामात 18 सामन्यांत 43 गोल आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू हा मान. 1980-81च्या हंगामात, 40 सामन्यांच्या वेळापत्रकात, त्याने 108 गोल केले. तो काही फार वेगवान नव्हता. गोलासमोर गर्दीत उभा राहायचा, कठड्यावरून परत येणारा चेंडू कुठे पडणार हे बाकीच्यांच्या आधी ओळखायचा आणि पाय लावायचा. पहिली चारही विजेतेपदं, 1979 ते 1982, अ‍ॅरोजची. 1982 साली स्पेनमध्ये विश्वचषकात युगोस्लाव्हिया खेळला, तेव्हा झुंगुल 27 वर्षांचा, ऐन भरात होता. तो त्या संघात नव्हता. देशासाठीचा त्याचा शेवटचा सामना 1978चाच राहिला.

मला या हिशेबाचं नेहमी कोडं पडतं. स्वातंत्र्य मिळालं, पैसा मिळाला, नाव मिळालं, आणि ज्या खेळासाठी हे सगळं केलं तो खेळ मात्र बाहेर राहिला. पुढे त्याच्यावरची बंदी उठली. 1984 साली अमेरिकेच्या मैदानी लीगमध्येही तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे जाळीत आणि कठड्यांत वाढलेला गडी मोकळ्या मैदानावर टिकत नाही, या म्हणण्याला त्याने स्वतःच उत्तर दिलं. नशिबाचा खेळ असा की ती मैदानी लीग त्याच हंगामानंतर बंद पडली.

लीगचं पुढे काय झालं? सुरुवातीला भरभराट झाली. सेंट लुइससारख्या शहरात हॉकीपेक्षा जास्त गर्दी बंदिस्त फुटबॉलला होऊ लागली. 1981मध्ये कॅन्सस सिटीला कॉमेट्स हा संघ आला. तिथल्या चालकांनी खेळाडूंना अंधारात, धुरातून, झगमगत्या दिव्यांत आणि संगीताच्या गजरात मैदानावर आणायला सुरुवात केली. आपण आता क्रिकेटच्या सामन्यात फटाके आणि ढोलताशे पाहतो, त्या थाटाचे हे थोरले भाऊ. पण संघ मात्र पत्त्यांच्या बंगल्यासारखे. पीट रोझचा सिनसिनाटी किड्स पहिल्या हंगामानंतरच संपला. ह्यूस्टनचा संघ 1980मध्ये बाल्टिमोरला हलला. मैदानी लीगनेही बंदिस्त हंगाम सुरू केला, तेच खेळाडू मिळवायला दोघांत चढाओढ लागली आणि पगार वाढत गेले. तिकिटांच्या पैशांत ते बसेनात. ओळीने चार वेळा जिंकलेला अ‍ॅरोज संघ 1984 साली बंद झाला. लीग 1992च्या उन्हाळ्यात. नंतर त्याच प्रकारच्या इतर लीग निघाल्या, पण तो दिमाख परत आला नाही.

आपल्याकडे पुष्कळांचा एक घोटाळा होतो, तो जाता जाता निस्तरतो. फुटसाल आणि हा खेळ एक नव्हेत. फुटसालचा उगम 1930च्या सुमाराला उरुग्वेत, मोंतेविदेओला झाला. तो पाच-पाच जणांचा, त्यात भिंत नाही, रेषा आहे, आणि चेंडू लहान, कमी उसळणारा. फिफाने तो आपलासा केला आणि 1989 साली त्याचा पहिला विश्वचषक भरवला. 2016मध्ये चेन्नई आणि गोव्यात ‘प्रीमियर फुटसाल’ झाली ती याच जातीची. त्यात गोव्याकडून रोनाल्डिन्योने एकाच सामन्यात पाच गोल केले आणि तो स्पर्धा अर्ध्यावर सोडून गेलाही. त्या स्पर्धेला भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. दोन हंगामांत ती आटोपली. महासंघाने स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा 2021मध्ये सुरू केली.

आपल्या टर्फवर मात्र पोरं खेळतात तो खेळ या दोहोंच्या मधला आहे. नियम फुटसालचे म्हणायचे, पण चेंडू जाळीला लागून परत आला की कुणी थांबत नाही. गेल्या महिन्यात एका टर्फवर मी अर्धा तास उभा होतो. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी कोपऱ्यातल्या जाळीवर चेंडू असा तिरका मारत होती की समोरच्या पोराला कळायच्या आत तो त्याच्या मागे पडत होता. तिला हे कुणी शिकवलेलं दिसलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘सर, तो तिकडून येतो ना, म्हणून.’