मिसळला तो कचरा, निवडला तो माल

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली लोकल पळसदरीला थांबते, तेव्हा समोर बोरघाटाचे डोंगर उभे असतात. १८५६ साली रेल्वे याच वाटेने खोपोलीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून मुंबईकरांना हे छोटे गाव परिचित आहे. पळसदरीचा तलाव, पावसाळी धबधबे आणि स्वामी समर्थांचा मठ यांमुळे येथे वर्षभर माणसांची ये-जा असते. श्रावण-भाद्रपदातील रविवारी तर पाय ठेवायला जागा उरत नाही.

सोमवारी सकाळी मात्र गवतात वेफर्सच्या रिकाम्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, कागदी पत्रावळी आणि गाठ मारलेल्या पिशव्या पडलेल्या दिसतात. पावसाची एक जोरदार सर आली की त्यांतील बराच भाग ओढ्याला लागतो. या परिसरातील ओढे उल्हास नदीला मिळतात आणि त्या नदीच्या पाण्यावर पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली ही शहरे तहान भागवतात. रविवारी सहलीत टाकलेली पिशवी ज्या वाटेने वाहत जाते, त्याच वाटेचे पाणी टाकणाऱ्याच्या घरी नळाला येते. कचरा ‘बाहेर’ टाकला असे आपण म्हणतो; पण असे ‘बाहेर’ वास्तवात कोठेच नसते.

उचलणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे

घंटागाडी आली, कचरा घेऊन गेली, अंगण स्वच्छ झाले, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. गाडी पुढे कोठे जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्षानुवर्षे ती गावाबाहेरच्या एखाद्या उघड्या जागेवर रिकामी होत आली. मुंबईचे देवनार हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १९२७ पासून तेथे कचरा पडत आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला होता. ओला कचरा ढिगाऱ्याखाली हवेविना कुजतो, त्यातून ज्वलनशील मिथेन वायू तयार होतो. त्याला प्लास्टिक आणि कागदाची जोड मिळाली की एक ठिणगी पुरेशी होते.

या प्रश्नावर अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यातून २००० साली देशात घनकचऱ्याचे पहिले नियम आले. ८ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या सुधारित नियमांनी जबाबदारी थेट उंबरठ्यापर्यंत आणली. ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा तीन भागांत वेगळा करून देणे, हे प्रत्येक घराचे व दुकानाचे कर्तव्य ठरले. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असल्यास स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावे आणि तेथील कचरा वेगवेगळा करून द्यावा, अशी तरतूदही त्यात आली. संघाचे जेवण, लग्न, वरघोडा यांची जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वेंगुर्ल्याहून कर्जतला

नियम कागदावर उतरणे सोपे, गावात उतरणे कठीण. ते कसे घडते हे पाहण्यासाठी पळसदरीकरांना दूर जावे लागत नाही. लोकलचे एकच स्थानक पुरे. कर्जत नगरपरिषदेत मुख्याधिकारी म्हणून आलेले रामदास कोकरे यांनी त्याआधी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे हा प्रयोग यशस्वी केला होता. सुमारे बारा हजार वस्तीचे ते बंदराचे गाव. तेथे घराघरांतून कचरा वेगळा घेण्यास सुरुवात झाली. ओल्या कचऱ्यापासून खत आणि बायोगॅस तयार होऊ लागला व त्या गॅसवर वीज निर्माण झाली. प्लास्टिकचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्यांत वापरले गेले; पालापाचोळ्यासारख्या सुक्या कचऱ्याच्या जळाऊ कांड्या बनल्या. ज्या जागेवरून लोक नाकाला रुमाल लावून जात, तिचे ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ झाले आणि ते पाहण्यासाठी बाहेरगावचे लोक येऊ लागले.

कोकरे यांनी हीच पद्धत कर्जतमध्ये राबवली. पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेत उपायुक्त असताना २०२० मध्ये त्यांनी तेथे शून्य कचरा मोहीम हाती घेतली आणि २०२१ मध्ये कल्याणच्या आधारवाडी येथील जुन्या क्षेपणभूमीवर कचरा टाकणे थांबले. बारा हजारांच्या गावात शिकलेला धडा लाखोंच्या शहरातही उपयोगी पडतो, हे यातून दिसते. मात्र तो धडा यंत्रांचा नाही. यंत्रे कोणत्याही नगरपरिषदेला विकत घेता येतात आणि राज्यात अनेक ठिकाणी ती गंजत पडलेलीही दिसतात. फरक पडतो तो कचरा वेगळा होऊनच घराबाहेर पडतो की नाही, एवढ्याने.

पेढीवरचा हिशेब

व्यापारी घराला हे सांगण्यासाठी दीर्घ प्रवचनाची आवश्यकता नाही. धान्याच्या पेढीवर गहू, ज्वारी आणि खडे एकत्र झाले की पोत्याचा भाव जातो. निवडले की प्रत्येकाला गिऱ्हाईक मिळते. कचऱ्याचेही तसेच आहे. कोरडा पुठ्ठा, स्वच्छ दुधाची पिशवी, काचेची बाटली, पत्र्याचा डबा या सगळ्यांना बाजार आहे. त्यांवर वरण सांडले की तोच माल निरुपयोगी होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार कर्जत नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे तीस हजार. दरडोई तीनशे ग्रॅम कचरा धरला तरी रोज नऊ टन होतात. त्यातील साधारण निम्मा ओला, आणि ओल्या कचऱ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच. म्हणजे मिसळलेला कचरा दूर वाहून नेणारी गाडी बरेचसे डिझेल जाळते ते केवळ पाणी वाहण्यासाठी. तोच ओला भाग गावातच जिरवला तर फेऱ्या घटतात, इंधन वाचते, खत हाती येते. जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंनी खाते सुधारते.

टिकाऊ कार्यक्रमाचे घटक थोडेच आहेत. गाडीत ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असावेत. घराने निवडलेले गाडीत पुन्हा एक झाले, तर लोकांचा विश्वास एका दिवसात उडतो. मिसळलेला कचरा नम्रपणे परंतु ठामपणे परत करण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला हवा. ओल्या कचऱ्यावर त्याच दिवशी प्रक्रिया व्हावी. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत ओला कचरा दळून त्याचा पातळ लगदा करतात. बंद टाक्यांत त्यापासून गॅस व खत मिळते. कर्जतच्या डोक्यावरील माथेरानमध्ये, जेथे मोटारींना प्रवेश नाही, तेथेही हा प्रकल्प उभा राहिला.

शेवटचा घटक म्हणजे हे काम करणारी माणसे. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेद्वारे कचरावेचक स्त्रियाच दारोदारचा कचरा गोळा करतात. घरोघरचे मासिक शुल्क आणि निवडलेल्या भंगाराची विक्री, या दोहोंतून त्यांना मिळकत होते. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करण्याची प्रथा पुण्यात सुरू झाली, ती त्यांच्या हातांची काळजी म्हणून. फुटकी काच उघडी टाकणाऱ्याने तो हात एकदा डोळ्यांसमोर आणावा.

जयणा आणि उकिरडा

जैन घरांना यातील पुष्कळ गोष्टी नव्या नाहीत. मुनींच्या पाच समितींपैकी पाचवी समिती टाकून देण्याच्या क्रियेविषयीच आहे: त्याज्य वस्तू कोठे व कशी ठेवावी, जीवांना बाधा कशी होऊ नये, याचा तीत विचार आहे. पाणी गाळल्यावर जिवाणी मूळ पाण्यात परत सोडण्याची, जेवल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. ज्या घरात ताटात एक शीत उरत नाही, त्याच घराच्या समारंभानंतर मांडवामागे प्लास्टिकच्या पेल्यांचा आणि उरलेल्या पक्वान्नांचा ढीग का दिसावा, हा प्रश्न अनेक ज्येष्ठांना सलतो.

त्याहून गंभीर बाब गायींची आहे. शिळे अन्न पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवले की गाय ते पिशवीसकट खाते, कारण तिला गाठ सोडता येत नाही. ते प्लास्टिक तिच्या पोटात साठत जाते आणि अखेर तिचा जीव घेते. एका हाताने पांजरापोळीला देणगी आणि दुसऱ्या हाताने ती पिशवी, हा विरोध घरातील लहान मुलांनाही समजतो.

काही श्रावक-श्राविकांच्या मनात एक रास्त शंका असते. घरी खत करायचे तर त्यात जीवोत्पत्ती होते. मग ते करावे काय? तिचे अंतिम उत्तर ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. वस्तुस्थिती मात्र ध्यानात असावी. ओला कचरा टाकल्याने त्याचे कुजणे थांबत नाही, केवळ आपल्या दृष्टीआड होते. उकिरड्यावर तेच अन्न माश्या-अळ्या, उंदीर यांना बोलावते आणि तेथे आग लागली तर असंख्य जीव एकाच वेळी होरपळतात. ज्यांना घरात खड्डा नको, त्यांनी ओला कचरा वेगळा ठेवून त्याच दिवशी बंद टाकीच्या प्रकल्पाकडे द्यावा. सर्वांत निर्दोष मार्ग तर त्याच्याही आधीचा आहे: मोजके रांधणे, मोजके वाढणे, मोजके आणणे.

पळसदरीपुढील प्रश्न

नगरपरिषदेकडे गाड्या, कर्मचारी, मुख्याधिकारी असतात. पळसदरीसारख्या गावाकडे मोजका निधी आणि शनिवार-रविवारचे पाहुणे. तरी मार्ग आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ठरावीक हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवला. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धत गावांना सोयीची आहे: जाळीदार विटांची टाकी, तीत काडीकचरा, शेण व माती यांचे थर, आणि तीन-चार महिन्यांत खत. कोकणच्या पावसात टाकीवर छप्पर मात्र हवेच. सुका कचरा साठवण्यास एक शेड आणि तो नेण्यासाठी शेजारच्या नगरपरिषदेशी करार झाला, तर गावाला स्वतःची क्षेपणभूमी शोधावी लागणार नाही.

उरतात पाहुणे. कर्जत-खालापूर परिसरात घर, बंगला किंवा शेतजमीन असलेली व्यापारी कुटुंबे थोडी नाहीत. बंगल्याच्या मागे कचरा पेटवण्याऐवजी कोपऱ्यात खताची टाकी बांधणे, माळ्याला ओले-सुके शिकवणे, सहलीला निघताना स्टीलचे डबे घेणे आणि रिकामी पाकिटे त्याच पिशवीतून घरी परत आणणे, एवढे त्यांना सहज शक्य आहे.

अधिकारी बदलून जातात. ती शासनाची रीतच आहे. त्यांच्यामागे पद्धत टिकते ती गावाला तिची सवय झाली असेल तरच. दुकान बंद करताना व्यापारी रोजमेळ जुळवतो, मग रोकड कमी असो वा जास्त. त्याच वेळी पुठ्ठा एका बाजूला, प्लास्टिक दुसऱ्या बाजूला आणि ओले तिसऱ्या डब्यात गेले, तर त्या कामाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. कर्जतच्या नऊ टनांचा हिशेब अशाच पाच-पाच मिनिटांनी जुळतो. पळसदरीचा हिशेब तर त्याहून लहान आहे.