चंद्रगुप्त ते सांद्रोकोत्तुस

एखादे विशेषनाम एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले, की ते जसेच्या तसे राहत नाही. जो ध्वनी नव्या भाषेत नसतो, त्याच्या जागी जवळचा ध्वनी येतो आणि शेवटी त्या भाषेचा प्रत्यय लागतो. प्राचीन भारतातील काही राजांची नावे अशीच रूप पालटत ग्रीक भाषेत आणि तेथून लॅटिन भाषेत गेली.

इ. स. पूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडरने पंजाबात स्वारी केली. पुढे सेल्युकस या ग्रीक राजाचा वकील मेगॅस्थेनिस हा चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी पाटलीपुत्रास आला. त्याचा ‘इंडिका’ हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु त्यातील पुष्कळ मजकूर स्ट्रॅबो, एरियन इत्यादी लेखकांच्या ग्रंथांत टिकून राहिला आहे.

या ग्रीक ग्रंथांत चंद्रगुप्ताचे नाव ‘सांद्रोकोत्तोस’ असे येते. ग्रीक वर्णमालेत ‘च’साठी अक्षर नव्हते, म्हणून त्याच्या जागी ‘स’ आला. संस्कृत ‘गुप्त’ या शब्दाचे प्राकृत रूप ‘गुत्त’ असे होते. ग्रीकांच्या कानी लोकांच्या तोंडचे हे रूप पडले असावे. त्यामुळे ‘प्त’ऐवजी ‘त्त’ दिसतो. अथेनियस या लेखकाने दिलेल्या ‘सांद्रोकुप्तोस’ या रूपात मात्र मूळचा ‘प्त’ कायम आहे. शेवटचा ‘ओस’ हा ग्रीक पुल्लिंगी नामांचा प्रत्यय होय. लॅटिनमध्ये त्याच्या जागी ‘उस’ येतो. म्हणून जस्टिन या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथात हेच नाव ‘सांद्रोकोत्तुस’ असे झाले.

अलेक्झांडरशी झुंजलेल्या राजाचे नाव ग्रीकांनी ‘पोरोस’ व रोमनांनी ‘पोरुस’ असे लिहिले. त्याचे मूळ ‘पौरव’ किंवा ‘पुरू’ असावे, असे विद्वान मानतात. भारतीय साहित्यात या राजाचा स्पष्ट उल्लेख नसल्यामुळे आपणही त्याला ‘पोरस’ या परदेशातून परत आलेल्या नावानेच ओळखतो.

कधी कधी परके नाव ऐकणारा त्यात आपल्या ओळखीचे नाव शोधतो. इ. स. च्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलग्रंथात ‘बैठण’, म्हणजे पैठण, ही ‘सिरो प्टोलेमायोस’ याची राजधानी असल्याचे नोंदवले. हा राजा म्हणजे सातवाहन घराण्यातील श्रीपुळुमावी. ‘पुळुमावी’च्या जागी आलेले ‘प्टोलेमायोस’ हे टॉलेमीचे स्वतःचेच ग्रीक नाव होते!

अशा बदललेल्या नावांचे मूळ ओळखणे इतिहासाला फार उपकारक ठरले. मेगॅस्थेनिसने सांद्रोकोत्तोसची राजधानी ‘पालिबोथ्रा’ ही गंगा आणि ‘एरान्नोबोआस’ या नद्यांच्या संगमावर असल्याचे सांगितले होते. पाटणा म्हणजेच पाटलीपुत्र. तेथे पूर्वी शोण नदी गंगेला मिळत असे. पण एरान्नोबोआस ही कोणती नदी? शोण नदीचे दुसरे नाव ‘हिरण्यबाहू’ असल्याचे सर विल्यम जोन्स यांना एका संस्कृत ग्रंथात आढळले आणि कोडे उलगडले. इ. स. १७९३ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी सांद्रोकोत्तुस म्हणजे चंद्रगुप्त मौर्य होय, असे प्रतिपादन केले.

सेल्युकसचा काळ ग्रीक इतिहासावरून ज्ञात होता. साहजिकच त्याचा समकालीन असलेल्या चंद्रगुप्ताचा काळही निश्चित करता आला आणि प्राचीन भारताच्या कालगणनेला एक भक्कम आधार मिळाला. वरवर पाहता अपभ्रष्ट वाटणाऱ्या नावातही इतिहासाचा पुरावा जपलेला असतो, तो असा.